नकली काडतूस, खरी तार

हेलिकॉप्टरमधून माणूस खाली सोडायचा किंवा वर ओढायचा, तर दाराशी रेस्क्यू हॉइस्ट लागतो. पाचेक मिलिमीटर जाडीची पोलादी दोरी आणि टोकाला हूक. ही दोरी जहाजाच्या कठड्यात किंवा एखाद्या झाडात अडकली, तर हेलिकॉप्टर खाली बांधल्यासारखं होतं आणि आतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. त्यासाठी हॉइस्टमध्येच एक कटर असतं. बटण दाबलं की छोटंसं काडतूस फुटतं, पातं पुढे येतं, दोरी तुटते. बटण वैमानिकाकडे असतं आणि हॉइस्ट चालवणाऱ्याकडेही, वर झाकण लावलेलं. हेच काडतूस कोणी बटण न दाबता फुटलं आणि त्या वेळी दोरीवर माणूस असला, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

असं फुटू शकतं का, हे तपासायचं काम आमच्याकडे आलं. मी पुण्यात मोजमापाची उपकरणं जोडून देणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. स्फोटकांचा परवाना आमच्याकडे नाही आणि या कामाला तो लागतही नाही, कारण आमच्या हातात येतं ते काडतूस रिकामं असतं. पिना खऱ्या, आतली तार खरी, धातूचं कवच खरं, फक्त दारू नाही.

भीती असते ती रेडिओ लहरींची. जहाजाच्या डेकवर उभं राहिलं तर चहूबाजूंनी ॲन्टेना. एचएफचे, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओचे, मोठे ट्रान्समीटर, वर फिरती रडारं. काडतुसाकडे जाणाऱ्या वायरी या लहरींसाठी ॲन्टेनाच. त्या वायरींत प्रवाह उमटतो आणि तो शेवटी जाऊन पोचतो काडतुसातल्या ब्रिजवायरपर्यंत. ही तार नायक्रोमसारख्या मिश्रधातूची, केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक, लांबी एखाद-दोन मिलिमीटर, रोध साधारण एक ओहम. प्रवाह गेला की ती तापते, तिला चिकटलेली दारू पेटते. तार काही प्रवाहाला विचारत नाही की तू बॅटरीकडून आलास की रडारकडून.

अमेरिकन नौदलात या विषयाला ‘हीरो’ (हॅझर्ड्स ऑफ इलेक्ट्रोमॅग्नेटिक रेडिएशन टू ऑर्डनन्स) म्हणतात, आणि व्हर्जिनिया राज्यात डालग्रेनला त्यांची त्यासाठीची मोठी चाचणी-मैदानं आहेत. आपल्याकडे या धंद्यातली बरीच मंडळी त्यांचीच मानकं वापरतात. त्यातले दोन आकडे आमच्या कामाचे. पहिला म्हणजे ‘एक अँपियर, एक वॅट’. काडतुसात पाच मिनिटं एक अँपियर प्रवाह किंवा एक वॅट शक्ती सोडली तरी ते फुटता कामा नये. बारीकसारीक प्रवाहांना दाद न देणारी काडतुसं बनवायची ही जुनी पद्धत. दुसरा आकडा 16.5 डेसिबल. काडतूस न फुटण्याची जी कमाल मर्यादा ठरलेली असते (हजारात एकाहून जास्त फुटणार नाहीत, आणि हे 95 टक्के खात्रीने), तिच्या 16.5 डेसिबल खालीच लहरींमुळे आलेला प्रवाह राहिला पाहिजे. प्रवाहाच्या भाषेत ते पंधरा टक्के होतात. म्हणजे मर्यादा एक अँपियर असेल तर परवानगी 150 मिलिअँपियरची. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे उष्णतेच्या हिशेबात ही परवानगी उरते जेमतेम सव्वादोन टक्के.

हा सव्वादोन टक्क्यांचा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कडक वाटतो. मला उलट ती सूट वाटते, पण त्याकडे पुढे येतो.

तर त्या तारेतला प्रवाह मोजायचा कसा? प्रवाह मोजायला वायर जोडली, तर तीच नवी ॲन्टेना होते. पूर्वी तारेजवळ बारीक थर्मोकपल (दोन धातूंच्या वायरींचा तापमापक) बसवत. थर्मोकपलही धातूचंच, लहरींनी ते स्वतःच तापतं, आणि त्याच्या वायरी कवचातून बाहेर काढल्या की लहरींना आत यायला आयता रस्ता मिळतो. म्हणून काच. ऑप्टिकल फायबरमध्ये धातू नाही, लहरींना ते दिसतच नाही म्हणा ना. आम्ही वापरले ते गॅलियम आर्सेनाइडचे सेन्सर. फायबरच्या टोकाला या अर्धवाहकाचा अगदी छोटा स्फटिक, त्याच्या पाठीमागे आरसा. खोलीच्या तापमानाला हा स्फटिक साधारण 870 नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा उजेड गिळतो आणि त्यापेक्षा लांब तरंगलांबीचा जाऊ देतो. तापमान वाढलं की ही सीमा सरकते, दर अंशाला सुमारे 0.4 नॅनोमीटर. दुसऱ्या टोकाला बसलेलं उपकरण परत आलेल्या उजेडात ही सीमा कुठे आहे एवढंच बघतं. उजेड किती परत आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे फायबर जरा वाकलं, जोडणीवर धूळ बसली, तरी रीडिंग बदलत नाही. दुसरी एक जात असते, टोकाला फॉस्फर असलेली. निळसर उजेडाने ते चमकतं आणि चमक किती वेळात विझते त्यावरून तापमान काढतात. दोन्ही चालतात. आमच्याकडे पहिल्या जातीचं उपकरण हाताशी होतं, एवढंच कारण.

खरा वेळ गेला तो काडतूस तयार करण्यात. फायबर 125 मायक्रॉन, त्याच्या टोकावरचा स्फटिक त्याहून जरा रुंद, आणि ज्याचं तापमान मोजायचं ती तार याच्या निम्म्याहून बारीक. म्हणजे वजनकाटाच सामानापेक्षा जड. स्फटिक तारेला टेकवला की तो तिची उष्णता ओढतो आणि तार मुळात जितकी तापली असती तितकी तापत नाही. न टेकवता थोडा दूर ठेवला, तर मध्ये हवा येते, आणि काडतूस उभं आहे की आडवं यावर रीडिंग बदलतं. आम्ही टेकवायचं ठरवलं. कमी तापली तरी चालेल, दर वेळी सारखीच कमी तापली पाहिजे.

हे काम आमच्याकडे ज्या ताई करतात त्यांच्यासारखा हात मला पंधरा वर्षं शोधूनही मिळाला नसता. मायक्रोस्कोपखाली काडतुसाचं कवच चिमट्यात धरलेलं, मागच्या भोकातून फायबर आत येतंय, आणि त्या मायक्रोमीटरचा स्क्रू इतका हळू फिरवतात की बघणाऱ्याला वाटावं काहीच चाललेलं नाही. टोक तारेला लागलं हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी तारेत थोडा डीसी प्रवाह सोडून ठेवायचा आणि पडद्यावरचं तापमान बघत बसायचं. फायबर जवळ येतं तसं तापमान चढत जातं, आणि टेकल्या क्षणी एकदम उडी मारतं.

“लागलं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “अजून थोडं दाबू या का, ताई?”

“दाबलं तर तार वाकेल. मग बसा दुसरं काडतूस उघडत.”

तिथेच यूव्ही दिव्याने सुकणाऱ्या गोंदाचा थेंब मागच्या भोकाशी, तारेपासून लांब. गोंद तारेपर्यंत ओघळला की ते काडतूस बाद. तारेभोवती प्लास्टिकचं पांघरूण पडतं आणि ती तापायला मिनिटं लावते.

मागच्या भोकाबद्दल ग्राहकाच्या इंजिनिअरने रास्त शंका काढली. कवचाला भोक पाडलंत, मग लहरी त्यातूनच आत शिरणार नाहीत का? धातूतलं गोल भोक हे लहरींसाठी नळी असतं, आणि नळीच्या व्यासावरून एक किमान फ्रिक्वेन्सी ठरते. तिच्याखालच्या लहरी नळीत शिरल्या तरी पुढे सरकत नाहीत, विझतात. एक मिलिमीटरच्या भोकासाठी ही सीमा साधारण 176 गिगाहर्ट्झ. आत काच भरली तर ती खाली येते, तरी शंभराच्या वरच. आमची चाचणी 18 गिगाहर्ट्झला संपत होती. तो कागद बघून त्यांचं समाधान झालं.

मग कॅलिब्रेशन. तारेतून ठरावीक डीसी प्रवाह सोडायचा, तापमान स्थिरावू द्यायचं, नोंदवायचं, प्रवाह बंद करून मूळ तापमानाला येऊ द्यायचं, पुढचा प्रवाह. आलेखावर आडव्या अक्षावर प्रवाहाचा वर्ग, उभ्यावर तापमानातली वाढ. सरळ रेष आली पाहिजे. वाकली तर समजायचं की टोक हललंय किंवा तार जास्त तापून स्वतःचा रोध बदलतेय. एक अँपियर मात्र कधी सोडायचा नाही. भरलेल्या काडतुसात दारू आणि तिच्याखालचा सिरॅमिकचा ठोकळा उष्णता ओढून घेतात. रिकाम्या काडतुसात दारू नाही, तार जळून जाईल.

इथे नवख्यांचा एक गोंधळ हमखास होतो. दारू नाही म्हणजे तापमान खरं नाही, मग मोजून उपयोग काय? आपल्याला तापमान नकोच आहे. या रिकाम्या काडतुसात लहरींमुळे जेवढी वाढ दिसली, तेवढीच वाढ याच काडतुसात किती डीसी प्रवाहाने झाली होती, ते आलेखावरून वाचायचं. म्हणजे उत्तर निघतं मिलिअँपियरमध्ये, आणि तेच मर्यादेशी ताडून बघायचं. मोठ्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तारेच्या कातडीतून वाहतो, तिचा रोध बदलतो, वगैरे भानगडी असतातच. पण आपण थेट उष्णता मोजतोय, त्यामुळे हिशेबात त्या आपोआप येऊन जातात. मला या पद्धतीचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं.

चेंबरमध्ये, म्हणजे लहरी सोडून चाचणी करायच्या बंद खोलीत, गेल्यावर मात्र कौतुक बाजूला ठेवावं लागतं. भिंतींवर निळ्या फोमचे सुळके, मधे लाकडी टेबल, टेबलावर हॉइस्टचा कटर असलेला भाग आणि हेलिकॉप्टरमध्ये असते तशीच वायरिंग. वायरींची लांबी, त्यांचे पीळ, लहरी अडवणारी वरची धातूची जाळी, सगळं मूळासारखं. आमचं फायबर तेवढं भिंतीतल्या पितळी नळीतून बाहेर, उपकरण बाहेरच्या खोलीत.

अडचण अशी, की आमच्या चेंबरमध्ये निर्माण होत होतं मीटरला 200 व्होल्टचं फील्ड, म्हणजे लहरींचा जोर तेवढाच. जहाजावर रडारच्या झोतात शिखर मूल्यं हजारोंत जातात. समजा, 2000 व्होल्टला उत्तर हवं आहे आणि हातात 200 आहेत. फील्ड दसपट तर प्रवाह दसपट, असं धरून चालायचं. मग 150 मिलिअँपियरची मर्यादा आमच्यासाठी 15 मिलिअँपियरची होते, आणि उष्णता शंभरावा भाग. 150 मिलिअँपियरला तारेवरचं टोक समजा 30 अंश वर जात असेल, तर आम्हाला ओळखायची होती 0.3 अंशाची वाढ. तीही अशा खोलीत जिथे एसी चालू-बंद होतोय आणि ॲम्प्लिफायरची धग येतेय.

आणि नेमकं तेच झालं. एका फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात फील्ड लावलं की तापमान हळूहळू चढायला लागायचं. ग्राहकाचा माणूस पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “सर, हे बघा, आलं.” चढत होतं खरं. पण आमच्या तारेला आणि स्फटिकाला मिळून स्थिरावायला सेकंदाचा काही भाग पुरतो, हे कॅलिब्रेशनमध्ये शंभरदा बघितलेलं. हे चढत होतं मिनिटांच्या हिशेबाने. तारेत प्रवाह आला असता तर आलेखावर पायरी दिसली असती. इथे उतार होता. फील्ड बंद केलं तरी तो उतार तसाच पुढे चालू राहिला. त्याच कवचात, तारेला न लावता, आम्ही दुसरं फायबर मुद्दाम सोडून ठेवलेलं असतं. त्यावरही अगदी तोच उतार. एसीचा झोत टेबलावर येत होता आणि कवच सबंधच गरम-गार होत होतं. झोताला पुठ्ठा आडवा लावला.

त्यानंतर आम्ही फील्ड सतत ठेवलंच नाही. थोडे सेकंद चालू, तितकेच बंद, असं ठोक्यात चालवलं आणि तारेचं फायबर वजा मोकळं फायबर असा फरक बघितला. ठोक्याबरोबर हलतं ते तारेचं. बाकी सगळं हवामान. ही युक्ती आमची नव्हे, या क्षेत्रात सगळेच करतात. पण करार लिहिताना चाचणीचा वेळ यामुळे दुप्पट होतो हे कोणी धरत नाही, आणि मग शेवटच्या पट्ट्यांना घाई होते. माझं मत विचाराल तर महागडा सेन्सर एक वेळ राहू द्या, मोकळं फायबर आणि चालू-बंद या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. त्याशिवायचा अहवाल मी वाचत नाही.

निकाल आधी कंटाळवाणा निघाला. सगळं जोडलेलं, झाकणं लावलेली, जाळी दोन्ही टोकांना नीट जमिनीला जोडलेली, अशा स्थितीत तारेवर काही म्हणजे काहीच नाही. खालच्या पट्ट्यात, म्हणजे 2 ते 30 मेगाहर्ट्झला, चेंबरचं फील्ड निरर्थक असतं, कारण तिथे ॲन्टेना होते ती हॉइस्टची लांबलचक दोरीच. 10 मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग साडेसात मीटर; एवढी दोरी तर हेलिकॉप्टर डेकपासून जरा वर असतानाच सुटलेली असते. तिथे आम्ही क्लॅम्प लावून दोरीत थेट प्रवाह घातला. थोडी हालचाल दिसली, मर्यादेच्या बरीच आत.

मग ग्राहकाच्या यादीतली शेवटची स्थिती, देखभालीची. कनेक्टर काढलेला, काडतुसाच्या पिनांवर सुरक्षेसाठी वायरीचा तुकडा लावून त्या आपसात जोडलेल्या. मॅन्युअलमध्ये हीच ‘सुरक्षित’ स्थिती म्हणून लिहिलेली. आणि ठोक्याबरोबर पायरी दिसली, स्वच्छ, काही शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, सलग दोन-तीन फ्रिक्वेन्सींना.

डीसीच्या डोक्याने बघितलं तर पिना जोडल्या म्हणजे काडतूस निर्धोक. उच्च फ्रिक्वेन्सीला तो वायरीचा तुकडा जोडणी राहत नाही, ते एक वेटोळं होतं. वेटोळं म्हणजे ॲन्टेना, आणि तिच्या दोन टोकांत आपली ब्रिजवायर. तुकडा जेवढा ऐसपैस, तेवढं वाईट. आम्ही तो काढून त्या जागी पूर्ण धातूची आटे असलेली टोपी घातली, जी पिनांना जोडते आणि वरून कवचालाही चारी बाजूंनी भिडते. पायरी गेली. वेटोळं परत लावलं, परत आली. ग्राहकाच्या इंजिनिअरने ते स्वतःच्या हाताने करून बघितलं, आणि फोनवर वरिष्ठांशी बोलायला बाहेर गेला.

सव्वादोन टक्के मला सूट का वाटते, ते आता. हा सगळा हिशेब उष्णतेचा आहे. लहरींमुळे पिन आणि कवच यांच्यामध्ये ठिणगी पडली, तर तार गरम न होताही दारू पेटू शकते, आणि रिकाम्या काडतुसातलं फायबर शांतपणे खोलीचं तापमान दाखवत राहील. काही काडतुसांत तारेऐवजी अतिबारीक फिल्मचा पूल असतो, त्याला रडारचा एकच जोरकस ठोका पुरेसा असतो; आमचा स्फटिक त्या वेळात जागाही होत नाही. आमच्या कटरमध्ये त्या मानाने जाड तार होती, ती ठोक्यांची सरासरी घेते, म्हणून ही पद्धत लागू पडली. अर्धवाहकाचा पूल असलेलं काडतूस कोणी आणलं तर मी त्याला दुसरं दार दाखवीन.

या क्षेत्रातल्या प्रशिक्षणांत ‘फॉरेस्टल’ या अमेरिकन विमानवाहू जहाजाचं उदाहरण ठरलेलं असतं. 29 जुलै 1967 ला व्हिएतनामजवळ तिच्या डेकवर उभ्या विमानातून एक झुनी रॉकेट आपोआप सुटलं, आग लागली, 134 माणसं गेली. सांगणारे बहुतेक जण दोष रडारला देतात, छापील पुस्तकांतही तसं सापडतं. नौदलाच्या चौकशीत निघालं ते वेगळंच. विमानाची वीज बाहेरच्या जोडणीवरून आतल्यावर घेताना आलेली उसळी, आणि सुरक्षेच्या पिना व जोडण्यांबाबत घेतलेले शॉर्टकट. मला हे खरं कारण आमच्या कामाला जास्त जवळचं वाटतं. आमचं वेटोळंही कागदोपत्री सुरक्षेची पायरीच होतं.

अहवालात आम्ही जोडलेल्या स्थितीला ‘मर्यादेच्या आत’ लिहिलं, वेटोळ्याच्या स्थितीला ‘मर्यादेबाहेर’, आणि शेजारी टोपीसकटचा आलेख. ग्राहकाने देखभालीच्या मॅन्युअलमधलं ते पान बदलायला घेतलंय. पिन आणि कवच यांच्यातल्या ठिणगीची चाचणी आमच्या कक्षेबाहेरची. ती भरलेल्या काडतुसांवर, परवाना असलेल्या ठिकाणी होईल. हेलिकॉप्टरच्या स्थितिक विजेची चाचणीही तिथेच, 300 किलोव्होल्टची. हूक जहाजावर टेकण्याआधी तो जमिनीला जोडून घेतात तो त्याच विजेपायी. आमची रिकामी काडतुसं फायबरसकट डब्यात घालून ठेवली आहेत, कारण टोपीचं नवीन डिझाइन आलं की तीच पुन्हा लागतील. ताईंनी डब्यावर चिकटवलंय: ‘फायबर धरून उचलू नये.’